आसरवाडीच्या चर्चला छप्पर का नाही

नगरकडच्या माळरानावर आसरवाडी नावाचं लहानसं गाव आहे. गावाच्या मावळतीला, जरा उंचवट्यावर, काळ्या दगडाच्या चार भिंती उभ्या आहेत. खिडक्यांच्या कमानी शाबूत, वेदीचा चौथरा शाबूत, वर मात्र आभाळ. नवखा माणूस म्हणतो, पडकं चर्च दिसतंय. मग गावातलं कुणीतरी जुनं माणूस त्याला थांबवतं. पडकं नाही, उतरवलेलं आहे, असं सांगतं. आणि सोनबा अमोलिकाची हकिकत सुरू होते.

सोनबाचे वाडवडील गावकुसाबाहेरचे. गावातल्या कुठल्याही देवळाच्या पायरीवर त्यांची सावलीसुद्धा चालत नसे. पुढे त्यांच्यातली काही घरं ख्रिस्ती झाली, तेव्हा सोनबानं मनाशी धरलं की आपल्या माणसांना हक्कानं आत जाता येईल असं एक तरी दार या गावात हवं. तो काही पाथरवट नव्हता, पण टाकी-हातोडा धरायला शिकला. पुरुष दगड फोडत, बायका डोक्यावरून वाहत. सोनबाची बायको सारजाबाई हिच्या टाळूवरचे केस त्या ओझ्यानं कायमचे गेले, असं सांगतात. कित्येक उन्हाळे असे गेले आणि चर्च उभं राहिलं. वर सागाचे वासे, त्यावर कौलं, आणि पुढे जाडजूड दार. दार बसलं त्या दिवशी सोनबा पोरासारखा उगाचच आत-बाहेर करत होता म्हणे.

ख्रिस्ती लोक उपासनेला जमणाऱ्या आपल्या माणसांना मंडळी म्हणतात. त्या मंडळीचा वडील, म्हणजे पुढारी, म्हणून सगळ्यांनी सोनबालाच नेमलं. पाळक, म्हणजे धर्मगुरू, नगरहून अधूनमधून येत, एरवी प्रार्थना सोनबाच चालवी.

मग प्लेग आला. घराघरांत उंदीर मरून पडू लागले, माणसांच्या काखेत-जांघेत गाठी निघू लागल्या. गाव उठलं आणि माळावर झोपड्या टाकून राहिलं. सोनबानं मंडळीला नियम घालून दिला. ज्याच्या घरात गाठ निघाली त्यानं चर्चमध्ये यायचं नाही, आणि जो त्याला शिवेल त्यानंही नाही. नियमात वाईट हेतू नव्हता. भ्यालेल्या माणसानं आपल्या माणसांना वाचवायला केलेला तो नियम होता.

पौषातला रविवार होता. बाहेर बोचरा वारा सुटलेला. आत दाराला अडसर लावून मंडळी गीत म्हणत होती. तेवढ्यात दारावर थाप पडली.

"सोनबादादा, मी कोंडाबाई."

कोंडाबाई विधवा होती. एक मुलगा, तेवढंच तिचं माणूस. चर्चच्या पायासाठी तिनंही दगड वाहिले होते. गीत थांबलं.

"दादा, लेकरू गेलं माझं पहाटे. मूठमाती द्यायला चौघं तरी या. एकटीनं कसं नेऊ त्याला?"

कुणी हललं नाही. सोनबा दाराशी गेला, पण अडसराला हात लावला नाही. फळीला तोंड लावून म्हणाला, "कोंडाबाई, तू घरी जा. आम्ही इथून प्रार्थना करतो. चर्चमध्ये साथ आणू नको, बाई."

मग ती म्हणाली, "मी चर्चपाशी कुठं आले, दादा? मी मंडळीपाशी आले."

पायरीवर कुणी बसल्याचा आवाज झाला. सोनबानं वळून गीत पुन्हा सुरू केलं. बाहेरून कोंडाबाईचाही आवाज त्यात मिसळला. तापानं फाटलेला, सुरात नसलेला आवाज. पुढच्या कडव्यात तो बारीक झाला आणि मध्येच थांबला.

तेव्हा सारजाबाई उठली. सोनबानं तिचा हात धरला. "शिवू नको तिला."

"शिवू नको?" सारजाबाई म्हणाली. "हे बोलणं आपण जन्मभर कुणाकडून ऐकलं, विसरलात?"

तिनं स्वतः अडसर काढला. कोंडाबाई पायरीवर आडवी झाली होती. सारजाबाईनं तिचं डोकं मांडीवर घेतलं, पदरानं तिचा चेहरा पुसला. कोंडाबाईनं एकदा डोळे उघडून तिच्याकडे पाहिलं, आणि मान कलंडली.

आतले लोक मागच्या भिंतीला सरकले होते. सारजाबाई आत यायला उठलीच नाही. "तुमचा नियम मला ठाऊक आहे," ती नवऱ्याला म्हणाली. "तुम्ही प्रार्थना पुरी करा."

आणि सोनबानं दार लावून घेतलं.

हे सांगताना आसरवाडीतली माणसं आजही खाली बघतात. त्यानं दार लावून घेतलं, वेदीपाशी गेला, आणि प्रार्थनेला तोंड उघडलं. पण शब्द येईनात. समोर त्यानं स्वतः घडवलेले दगड होते. त्यातले किती कोंडाबाईच्या डोक्यावरून आले आणि किती सारजेच्या, हे त्याला आठवत राहिलं. अख्खं आयुष्य आपण बंद दारांबाहेर काढलं, आणि दार आपल्या हाती आल्यावर पहिलं काम हे केलं, असं त्याच्या मनात आलं. शेवटी तो तसाच उघड्या तोंडानं खाली बसला.

तो बाहेर आला तेव्हा पायरी रिकामी होती. सारजाबाईनं कोंडाबाईला एकटीनं ओढत तिच्या झोपडीपर्यंत नेलं होतं, आणि तिथं ती खुरप्यानं जमीन उकरत होती. सोनबानं तिच्या हातातून खुरपं घेतलं. मायलेकरांना त्यानं एकाच खड्ड्यात ठेवलं.

दुसऱ्या दिवशी तो चर्चवर चढला आणि कौलं उतरवू लागला. लोकांना वाटलं, याचं डोकं फिरलं. कौलं, मग वासे, मग दाराच्या फळ्यासुद्धा त्यानं माळावर वाहून नेल्या आणि आजाऱ्यांसाठी निवारा घातला. एकेक करून इतरही आले. काही मात्र त्या गावातून गेले ते पुन्हा आले नाहीत.

सारजाबाईच्या काखेत गाठ निघाली. त्याच निवाऱ्यात, त्याच वाशांखाली ती पडली होती. सोनबा तिच्या उशाशी.

"आज रविवार ना?" तिनं विचारलं. "प्रार्थना कुठं झाली?"

"इथंच," सोनबा म्हणाला.

"सगळे होते?"

सोनबानं तिचं पांघरूण सारखं केलं. संध्याकाळी ती गेली. तिला खांदा द्यायला मात्र माणसं कमी पडली नाहीत.

पुढे पाळक आले. उघड्या भिंती पाहून त्यांनी विचारलं, "सोनबा, चर्च कुठं गेलं?"

"ते माळावर पडलंय, पाळकसाहेब. आजारी आहे," सोनबा म्हणाला. पाळक त्याच्या मागोमाग माळावर गेले.

साथ सरली, तेव्हा पाळकांच्या मिशननं नवं छप्पर घालून द्यायची तयारी दाखवली. सोनबानं भिंतींच्या आत उभं राहून मंडळीला शपथ घातली. ज्या दिवशी आपल्यातलं एकही माणूस आपलं दुःख घेऊन एकटं बसलेलं नसेल, त्या दिवशी छप्पर घाला. त्याआधी नको. म्हातारपणी तो त्याच भिंतींच्या सावलीत बसून असे.

आजही आसरवाडीत छपराची गोष्ट निघते. पोरं शिकली, नोकऱ्यांना लागली. त्यांना वाटतं, पत्रे टाकावेत, लग्नं आत लावता येतील. मागच्या नाताळाआधी तर लोखंडी अँगल येऊनही पडले होते. मंडळी भिंतींच्या आत जमली आणि रिवाजाप्रमाणे मंडळीच्या वडिलांनी विचारलं, "आपल्यातलं कुणी एकटं आहे का?"

कुणाचंच नाव पुढे आलं नाही. काम आता होणारच, असं वाटलं. मग मागून एक बाई हळूच म्हणाली, "वस्तीवरची शेवंताबाई. लेक गेल्यापासून तिनं दार उघडलेलं नाही."

माणसं उठली, चपला घातल्या, आणि वस्तीच्या वाटेला लागली.