मानाचं कवठ

त्या प्रदेशात अन्न एका बाजूला होतं आणि भूक दुसऱ्या बाजूला. मधे दरी होती.

अलीकडच्या माळावर कवठाची झाडं होती आणि वानरांची टोळी होती. पलीकडे उभा कडा होता. त्याच्या कपारींत लेकुरवाळ्या वानरी आणि पोरं राहत. कोळसुंदे, म्हणजे तांबूस रानकुत्रे, तिथवर चढू शकत नसत, म्हणून ती जागा निवडली होती. तिथे खायला काही उगवत नाही हे निवडून झाल्यावर लक्षात आलं, आणि टोळीने ठरवलेली गोष्ट बदलण्याचा प्रघात नव्हता. दरीतली वाट कोळसुंद्यांच्या बिळांवरून जात होती. ऐन उन्हाळ्यात ते पाण्यामागे लांब जात, तेव्हा कुठे सगळी टोळी मिळून ती वाट ओलांडत असे. एरवी पलीकडे जायचं ते फक्त कवठाने, आणि तेही हवेतून.

म्हणून टोळीत एक फेक्या असे. दरीच्या तोंडावर दगडाचा उघडा ओटा होता. फेक्याने तिथे उभं राहायचं, वाऱ्याचा अंदाज घ्यायचा आणि कवठ पलीकडच्या कपारीवर पोचवायचं. ओट्याभोवती आडोसा नव्हता. कवठ घेऊन फेक्या उघड्यावर दिसला की त्याला धरायला कोळसुंदे माळावरून धावून येत. त्यांना थोपवायला फेक्याभोवती धट्टीकट्टी वानरं उभी राहत. त्यांना अडसर म्हणत. अडसराचं तोंड माळाकडे आणि पाठ फेक्याकडे. त्यामुळे आयुष्यभर फेक्याशेजारी उभ्या राहिलेल्या अडसराने एकही फेक डोळ्यांनी पाहिलेली नसे. पलीकडे पोरांचा गिल्ला झाला की पोचलं, आणि दरीतून टणत्कार आला की पडलं, एवढंच त्याला कळे.

फेक पाहण्याची सोय वेगळीकडे होती. ओट्याच्या वरच्या अंगाला बैठकीचा कातळ होता. उंच, ऐसपैस, उन्हाला उबदार. तिथून ओटा, दरी आणि पलीकडचा कडा सगळं दिसे आणि कोळसुंदा मात्र पोचत नसे. उंटावरून शेळ्या हाकायला निदान उंट लागतो. इथे कातळावर काम भागत होतं.

त्या वर्षी फेक्या होता रेखू. हात लांब, नजर स्वच्छ, तोंड मिटलेलं. आणि कातळावर सगळ्यांत वरच्या जागी बसत घुमटआबा. आबा तरुणपणी स्वतः फेक्या होते. त्यांची एक जुनी फेक कातळावर नेहमी सांगितली जाई आणि ती दर वर्षी हातभर लांब पडत असे.

कातळावर रोज रेखूची चर्चा होई. आधी त्याच्या हाताची, मग स्वभावाची आणि मग पुढारपणाची. हात चांगला आहे, पण जवळची फेक त्याला जमत नाही. लगेच फेकलं तर तो उतावीळ, थांबून फेकलं तर भेदरट. अडसरांवर ओरडला तर डोक्यात हवा गेली आहे. नाही ओरडला तर त्याला कशाचं काही पडलेलं नाही. कवठ पडलं की जुने फेक्ये ओट्यावर बसून कपाळ बडवून घेत. रेखू मात्र खाली वाकून पुढचं कवठ उचले. हे कातळाला फार झोंबे. वाऱ्याने दिशा बदलली असं तो एकदा म्हणाला होता, तर नाचता येईना अंगण वाकडं, हे त्याला पुढे महिनाभर ऐकावं लागलं.

या चर्चेला एक रीत होती. फार वर्षांपूर्वी एक म्हातारा वानर कातळावरून वाऱ्याचा रोख ओरडून सांगे, आणि त्याचा खरोखर उपयोग होई. त्याचा घसा सुकतो म्हणून टोळीने त्याला एक पिकलं कवठ दिलं. म्हातारा गेला, वारा सांगणं गेलं, कवठ राहिलं. आता जो कातळावर बोलेल त्याला मानाचं कवठ मिळे. ते तिथेच फोडायचं, तिथेच खायचं आणि करवंट्या पुढ्यात टाकायच्या. ज्याच्यापुढे करवंट्यांचा ढीग मोठा, त्याच्या शब्दाला वजन अधिक.

मानाचं कवठ हिरवं कसं चालेल? म्हणून झाडाखाली फळं आपटून पाहत. धप्प आवाज करून जागीच बसलं ते पिकलं, ते कातळावर जाई. चेंडूसारखं उसळलं ते कच्चं, ते ओट्यावर. हळूहळू मोठं तेवढं वर आणि लिंबाएवढं तेवढं खाली असंही होऊ लागलं. लहान कवठ वाऱ्यात टिकत नाही, भरकटतं. ते भरकटलं की चर्चा लांबे आणि चर्चा लांबली की अधिक कवठं लागत. सगळी कवठं नीट पोचली त्या दिवशी कातळावर कुणाला करमत नसे.

अडसरांत बांडा नावाचा एक वानर होता. त्याची अर्धी शेपूट कोळसुंद्याने नेली होती, त्यावरून ते नाव. पलीकडच्या कपारीत त्याची बायको होती आणि झिपरी नावाची मुलगी. या हिवाळ्यात झिपरी झेल घेणाऱ्या पोरांत दाखल झाली होती. तिला शेवटचं जवळून पाहिलं ते उन्हाळ्यात, तेव्हा ती त्याच्या पोटाला लोंबकळत होती. आता लांबूनसुद्धा तिच्या बरगड्या मोजता आल्या असत्या. बांड्याने त्या मोजल्या नाहीत. बापाने काही गोष्टी मोजू नयेत.

त्याच सुमारास अडसरांची रांग विरळ होऊ लागली. कुणाचा पाय मुरगळला, तो जरा बसायला कातळावर गेला. त्याला विचारलं गेलं, काय रे, जवळून कसा वाटतो रेखू? त्याने काहीतरी सांगितलं, त्याला कवठ मिळालं. पाय बरा झाला, पण तो खाली आला नाही. मग दुसऱ्याचा खांदा दुखू लागला. कुणी पळून गेलं असं म्हणता येईना, कारण सगळे समोरच बसलेले होते.

एका दुपारी कोळसुंदे दोन बाजूंनी आले. रांगेला खिंडार होतं, तिथून एक आत शिरला आणि बांड्याच्या नरड्याकडे झेपावला. पाठीमागून जोराचा धक्का बसून बांडा बाजूला कोलमडला. रेखूने त्याला ढकललं होतं आणि त्याच झटक्यात दुसऱ्या हाताने कवठ सोडलं होतं. ते आखूड गेलं. पडल्या पडल्या बांड्याची नजर फेकीच्या वेळी पहिल्यांदाच दरीकडे वळली. झिपरी कड्याच्या टोकाशी पोटावर पडून हात लांबवत होती. कवठ तिच्या बोटांखालून गेलं आणि तीही त्यामागे जायची, एका वानरीने तिचा पाय धरला म्हणून राहिली.

कोळसुंदे परतल्यावर बांडा रेखूला म्हणाला की आता कातळावर जाऊन सांगितलं पाहिजे. माणसं कमी आहेत असं माणसं म्हणतात, तसं वानरं कमी आहेत असं तो म्हणाला. पिकली, वजनदार कवठं खाली द्या, चार अडसर परत पाठवा, नाहीतर पोरं हिवाळा काढणार नाहीत. त्याने रेखूलाही बरोबर चल म्हटलं.

"मी बोलायला गेलो तर इथे कोण उभं राहील?" रेखू म्हणाला. "तू जा. पण लवकर ये, बांड्या. तुझी बाजू उघडी पडते."

बांडा कातळावर चढला. ऊन अंगावर आलं तसं त्याच्या लक्षात आलं की आपल्याला किती थंडी वाजत होती. सगळ्यांनी सरकून जागा केली. घुमटआबांनी त्याला मायेने जवळ बसवलं, पाठीवरून हात फिरवला, शेपटीच्या थोटकाकडे पाहून चुकचुकले. बांड्याला भरून आलं. इतकी वर्षं ओट्यावर उभं राहून हे कुणी केलं नव्हतं.

तो बोलायला उठला. एकदम मागणी केली तर आपण रेखूचीच री ओढतो असं वाटेल, म्हणून त्याने ठरवलं की आधी थोडं रेखूच्या विरुद्ध बोलावं. निष्पक्ष वाटतं. शहाणे असंच करतात असं त्याने ऐकलं होतं.

"रेखू तापट आहे, हे खरं," बांडा म्हणाला. "आज त्याने मला ढकललं. पण..."

त्या 'पण'पुढचं वाक्य कातळाने ऐकलं नाही. ढकललं? स्वतःच्या अडसराला? एवढं कवठ आखूड पडलं ते म्हणूनच तर. एक म्हणाला, शांतपणा हे त्याचं सोंग होतं. दुसरा म्हणाला, जो आपल्याच वानरावर हात टाकतो तो पुढारी कसला. तिसऱ्याने आठवण काढली की आबांनी आपल्या काळात कधी कुणाला ढकललं नव्हतं, आणि आबांनी मान खाली घालून ते नम्रपणे मान्य केलं. बांडा दोनदा उठला, दोनदा त्याला प्रेमाने खाली बसवलं. मग त्याच्या हातात मानाचं कवठ आलं.

ते दोन्ही हातांत मावत नव्हतं. त्याने मनाशी म्हटलं, हे खाली नेऊ, रेखूच्या हातात देऊ, झिपरीचं नाव घेऊन टाकायला सांगू. तो निघाला तसं आबांनी हळूच सांगितलं की मानाचं कवठ कातळावरून हलत नाही. खाल्लं नाही तर बोललेलं मागे घेतल्यासारखं होतं, आणि मग उद्या तुझं कोण ऐकेल? बांड्याला ते पटलं. उद्या वाक्य पुरं करायचं तर आज ऐकणारे हवेत. त्याने कवठ फोडलं. आंबटगोड वास नाकात गेला आणि पोटाने पुढचं सगळं ठरवून टाकलं.

दुसऱ्या दिवशी त्याला ओट्यावरचा जाणकार म्हणून आधी बोलायला लावलं. आणि त्या दिवशी बांड्याने रेखूची फेक पहिल्यांदा सबंध पाहिली. इतकी वर्षं ज्याचा श्वास पाठीमागे ऐकला होता, तो लांबून अगदीच लहान दिसत होता. सुटी करवंटीच जणू. बांड्याला वाटलं, पाहा, हात जरा खाली राहतो. असं वाटल्याची त्याला लाज वाटली. पण वाटलं होतं, आणि विचारलं तेव्हा त्याने ते सांगितलं. ते अर्धवट वाक्य तो रोज मनात घोळवत असे. रोज त्याला वाटे की आज वातावरण बरं नाही, उद्या पाहू. त्याच्यापुढच्या करवंट्या वाढत गेल्या, आणि त्याच्या शब्दाला वजन येत गेलं.

थंडी सरता सरता झाडं निष्पर्ण झाली, त्यांवर एकही कवठ उरलं नाही. ओट्यावर अडसर उरले नव्हते. कोळसुंद्यांनाही आता घाई नव्हती. ते ओट्याच्या कडेला येऊन मागच्या पायांवर बसत आणि वर कातळाकडे पाहत, जणू तेही सभेला आले होते. एका सकाळी रेखू ओट्यावर उभा राहिला आणि त्याने दोन्ही तळवे उघडे करून कातळाला दाखवले.

कातळावर कुजबुज झाली. मग घुमटआबा म्हणाले की रडगाणं नको. फेक झालीच पाहिजे. फेकच झाली नाही तर आपण बोलायचं कशावर?

रेखूने एकदा वर पाहिलं. त्याची नजर बांड्यावर थांबली की नाही, हे बांड्याला कळलं नाही, कारण तो करवंट्यांकडे पाहत होता. मग रेखूने वाऱ्याकडे तोंड केलं, डावा पाय पुढे टाकला, हात पार मागे नेला आणि उभ्या आयुष्यात फेकलं नसेल अशा जोराने फेकलं. हातात काही नव्हतं.

पलीकडे पोरं उठून उभी राहिली. इतक्या लांबून त्यांना फक्त हात फिरलेला दिसला. झिपरी सगळ्यांत पुढे धावली. कड्याच्या टोकाशी येऊन तिने ओंजळ वर धरली आणि आभाळाकडे पाहत तशीच उभी राहिली.

"आखूड," घुमटआबा म्हणाले.

"नाही आबा," मागून कुणीतरी म्हणालं, "फेक बरी होती. त्या पोरीने झेल सोडला."

वाद पेटला. हात खाली होता म्हणणारे एका बाजूला, पोरीत दम नाही म्हणणारे दुसऱ्या बाजूला. दोन्हीकडून आरडाओरडा झाला आणि मग सगळे बांड्याकडे वळले. घुमटआबांनी आपल्या पाठीमागच्या कपारीत हात घातला. तिथून त्या वर्षातलं शेवटचं कवठ काढलं. मोठं होतं, पिकलेलं होतं. ते त्यांनी बांड्यापुढे ठेवलं.

"तू खाली उभा राहिलेला आहेस," ते म्हणाले. "तूच सांग. फेक चुकली की झेल?"

पलीकडे ओंजळ अजून वरच होती. बांड्याने कवठ उचललं, कातळावर आपटून फोडलं आणि घसा खाकरला.