एकूण एक गाठ

एका गावात एक भोळा गेनबा होता. भोळा म्हणायचं ते त्याच्या आईला वाईट वाटू नये म्हणून. देवाने त्याला डोकं दिलं होतं ते नुसतं टोपी ठेवायला. त्याची धाकटी बहीण हौसा मात्र चलाख. पण तिचं लग्न जमता जमता फिसकटायचं, कारण पाहुणे बघायला यायचे आणि हा दिवटा तोंड उघडायचा. अखेर एकदाचं जमलं. व्याही आबाजी म्हणजे नाकावर राग. "यंदा मोडलं तर पोर घरातच राहील," म्हणून आई देव पाण्यात घालून बसली होती.

आईने गेनबाला बाजारात पाठवलं, मेथी आणायला. हा शहाणा जुड्या सोडून सुटी मेथी धोतराच्या सोग्यात घेऊन निघाला. निम्मी वाटेत सांडली, निम्मी शेळीने खाल्ली.

"अरे शुंभा," आई म्हणाली, "पाल्याची जुडी असते ती जुडीच ठेवायची. सोडायची नाही!"

"बरं आई."

मग कांद्याची लावण आली. गेनबाने रोपांच्या जुड्या घेतल्या आणि अख्खी जुडी एकेका खड्ड्यात पुरली. वर पाय देऊन दाबलीसुद्धा.

आईने कपाळ बडवलं. "मेल्या, लावताना जुडी सोडायची! एकेक सुटं लावायचं, मध्ये चार बोटं जागा ठेवून!"

"मग आधीच सांगायचंस की," गेनबा म्हणाला. वर तोंड करून म्हणाला, बरं का!

लग्नाच्या आदल्या दिवशी मांडवाचे बांबू आले. रघोजीमामाने चार-चार बांबू काथ्याने आवळून एकेक खांब तयार केला होता. "एवढे रोवून ठेव, मी डहाळे घेऊन येतो," असं सांगून मामा गेला. परत येऊन बघतो तर काय! गेनबाने सगळे खांब सोडले होते आणि अंगणभर सुटे बांबू लावले होते, मध्ये चार बोटं जागा ठेवून. वऱ्हाड राहू द्या, मांजर आत शिरलं नसतं. वर पठ्ठ्या त्यांना पाणी घालत होता.

"अरे टोणग्या!" मामा कडाडला. "सुटा बांबू वाकतो. चार आवळले की ताठ राहतात. मांडवात जे सुटं उभं दिसेल ते चार-चार घेऊन आवळ!"

"बरं मामा."

रात्रभर खपून मामाने पुन्हा खांब बांधले, वर आंब्या-जांभळाचे डहाळे घातले. मांडव झकास झाला.

मंगलाष्टकं सुरू झाली. सगळ्यांच्या नजरा अंतरपाटाकडे, मुठीत अक्षता. गेनबाने पाहिलं, मांडवात केवढी माणसं सुटी उभी! तो काथ्या घेऊन खाली बसला आणि चार-चार वऱ्हाड्यांचे पाय आवळत सुटला. कुणाला वाटलं, पायात मांजर घोटाळतंय.

अक्षता पडल्या. करवलीने हौसाच्या शेल्याची नवऱ्याच्या उपरण्याशी गाठ मारली. आईचा जीव भांड्यात पडला. आबाजी सुनेला आशीर्वाद द्यायला पुढे झाले आणि आणखी तिघांना घेऊन तोंडावर आपटले. त्यांच्यामागे उरलेलं वऱ्हाडही धडाधड पडलं.

"हा मान?" आबाजी गरजले. "असल्या घरची पोर आम्हाला नको! उठा रे!" पण उठता कुणाला येतंय?

आई रडकुंडीला आली. "गेनबा, हात जोडते, मांडवातली एकूण एक गाठ सोड!"

गेनबाने सोडली. सगळ्यांचे पाय मोकळे केले. मग इमानेइतबारे खांबांकडे वळला. एक खांब सोडला, दुसरा सोडला, करत करत शेवटचाही सोडला, आणि अख्खा मांडव डहाळ्यांसकट वऱ्हाडाच्या डोक्यावर आला.

गेनबाने हात झटकले. पाल्यातून नवरानवरीची मुंडकी तेवढी वर आली होती.

"आई," तो म्हणाला, "आता एकच राहिली, हौसाच्या शेल्याची. ती पण सोडू?"

आई पाल्याखाली. उत्तर दिलं ते आबाजींनी, बांबूंखालून, गुदमरत, "सोड रे बाबा, सोड!"

गेनबाने सोडली.