बोटांना न लागणारी माळ

पूर्वी शंखपूर नगरात राजा अजितंजय राज्य करीत असताना बोधिसत्त्व मणिकाराच्या कुळात जन्मले होते. माळ जपाची हवी असो की मिरवायची, लोक त्यांच्याच दुकानी जात. ते गिऱ्हाइकाला आधी डोळे मिटायला लावत आणि मगच माळ हातात देत. नुसती डोळ्यांना आवडलेली माळ चार दिवसांत खुंटीला लागते, हे त्यांनी पुष्कळदा पाहिले होते.

एके दिवशी धारिणी दुकानी आली. ती चुनाभट्टीवर राबणारी बाई. दोन महिन्यांपूर्वी तिची पाच वर्षांची लेक तिष्या चुना विरवायच्या उकळत्या हौदात पडली होती. धारिणीने दोन्ही हात घालून तिला बाहेर काढले, पण तोवर पोर गेलेली होती. आईचे हात वाचले. बोटांची जाणीव मात्र कायमची गेली.

पुरोहिताने तिला सांगितले होते, "लेकीच्या नावाने हजार माळा जप कर. एक मणी जरी चुकला तरी पुन्हा पहिल्यापासून." बिचारी रोज सकाळी बसे, पण मणी सरकला की नाही तेच तिला कळेना. बघून ओढावा तर डोळे भरून येत. एकही माळ धड होईना. पोर आपल्या हातून दुसऱ्यांदा जाते आहे, या विचाराने तिला अन्न गोड लागेनासे झाले होते.

बोधिसत्त्वांनी तिला डोळे मिटायला सांगून तुळशीची माळ दिली. मग चंदनाची, रुद्राक्षाची, स्फटिकाची. शेवटी आवळ्याएवढ्या खडबडीत मण्यांची दिली.

"लागतंय काही?"

"नाही हो दादा. हातात माळ आहे की नाही, तेसुद्धा कळत नाही." ती मटकन खाली बसली. "हे मेले हात! तिच्याबरोबरच का नाही गेले?"

तेवढ्यात राजवाड्यातून अमात्य आला. महाराणीला मिरवायला मोत्यांची माळ हवी होती. बोधिसत्त्वांना राजमणिकार नेमायचे ठरले होते, मात्र तीन महिने वाड्यातच राहावे लागणार होते.

बोधिसत्त्व म्हणाले, "तीन महिने मला या बाईंची माळ ओढायची आहे."

"एका चुनेवालीसाठी? वेड लागलंय का तुला?" अमात्य फणकारला आणि दुसरा मणिकार शोधायला निघून गेला.

धारिणीने विचारले, "दादा, जप पुरा झाला की माझी तिष्या सुटेल ना?"

"मला ठाऊक नाही, ताई. मणी चुकणार नाही, एवढं माझ्याकडे लागलं."

तेव्हापासून ती नाव घेई आणि शेजारी बसून बोधिसत्त्व मणी ओढीत. गिऱ्हाइके तिष्ठून परत जाऊ लागली, दुकान पार बसले. हजाराव्या माळेचा शेवटचा मणी सरकला तेव्हा धारिणीने डोळे उघडले. पोर कुठेच नव्हती, येणारही नव्हती. इतके दिवस जपामागे अडवून धरलेले रडू फुटले.

"झाला जप. आता उद्या मी काय करू, दादा?"

बोधिसत्त्वांनी माळ खाली ठेवली आणि तिचे हात आपल्या हातांत घेतले. तिला ते जाणवले नाही, पण तिने पाहिले.

"उद्याही मी इथंच बसेन," ते म्हणाले.

एवढे सांगून शास्ता भगवान बुद्ध म्हणाले, "भिक्खूंनो, तेव्हाची ती आई म्हणजे तुमच्यासमोर बसलेली ही ज्येष्ठ भिक्खुणी, थेरी निलया. रडणाऱ्याजवळ नुसते बसून काय होते, असे आज सकाळी विचारणारा भिक्खू सुयाम तेव्हा अमात्य होता. मणिकार मी होतो. दुःख हटवता आले नाही, तरी तिथून उठून न जाणे, हीच करुणा."