ठकूचा अंगठा

"अंगठा कापायचा म्हणजे कापायचाच!" राजवैद्य धुंडिराजांनी भर दरबारात सांगून टाकलं.

ठकू कुंभारणीचा उजवा अंगठा खापर लागून चिघळला होता, टम्म सुजला होता. पण अंगठ्याशिवाय चाकावर मडकं कसं घडायचं? ठकू काही ऐकेना. त्या राज्याचा रिवाज असा, की रोग्यानं आपल्या हातानं विडा दिल्याशिवाय वैद्यानं शस्त्राला हात लावायचा नाही. वेड्याचा विडा मात्र चालत नसे. त्याच्या वतीनं राजा विडा देई.

"महाराज, बाईचं डोकं ठिकाणावर नाही," वैद्य म्हणाले. "विडा तुम्हीच द्या."

राजे रुद्राजींनी विचारलं, "ठकू, आज तिथी कोणती?"

"ठाऊक नाही बा. आज भट्टी लावायचा दिवस, एवढं ठाऊक."

"ऐकलंत ना, महाराज?" वैद्य म्हणाले. तिथी राजांनाही ठाऊक नव्हती, पण राजाला कोण विचारतो?

राजे मोठे हट्टी. म्हणाले, "तू शहाणी आहेस हे आत्ताच्या आत्ता सिद्ध कर. नाहीतर विडा मी देतो. आणि 'मी शहाणी' असं नुसतं सांगू नकोस, वेडेही तेच सांगतात."

आता आली का पंचाईत! ठकूनं राजांपुढच्या तबकातला विडा उचलून वैद्यांपुढे धरला.

"घ्या वैद्यराज. कापा अंगठा."

वैद्यांची कळी खुलली. "आता कशी ताळ्यावर आली," म्हणत त्यांनी विडा तोंडात टाकला आणि शस्त्रांची पेटी मागवली.

"थांबा," ठकू म्हणाली. "महाराज, वेड्याचा विडा चालतो का हो?"

"मुळीच नाही."

"मग वैद्यराजांनी माझा कसा खाल्ला?"

वैद्य चावायचे थांबले. तोंड उघडावं तर लाल, मिटावं तर गाल फुगलेला.

"मी 'हो' म्हटलं तेव्हा शहाणी ठरले. मग मघाशी 'नाही' म्हटलं, तेव्हाही डोकं हेच होतं की! विष वर चढलं तर हात जाईल, जीवही जाईल, हे मला कळलंय. आठ दिवस जळवा लावून बघा. सूज मनगटाकडे सरकली, तर मीच विडा घेऊन येईन. आज मात्र नाही."

राजे इतके हसले, की पगडी मांडीवर आली.

"वाड्याचे शंभर रांजण ठकूच घडवेल," त्यांनी हुकूम दिला. "प्रत्येकावर याच अंगठ्याचा ठसा हवा. आणि वैद्यराज, विडा गिळून झाला असेल तर जळवा आणा."

महिन्याभरात पहिला रांजण वाड्यावर आला, ठशासकट.