ओळीच्या तोंडाशी गुलाब

सकाळचे साडेसहा वाजले होते, तेव्हा गुलाबाला आपल्या पानावर पांढरी भुरी, म्हणजे बुरशीचा रोग, दिसली.

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. इटलीतल्या एका टेकडीवर ओर्नेलाबाईच्या घरच्यांचा लहानसा द्राक्षमळा होता. त्याच द्राक्षांची ते लाल वाइन करायचे. वेलींच्या ओळीच्या तोंडाशी बाईने एकच गुलाब लावला होता, कारण रोग आधी गुलाबाला धरतो, मग वेलींना. वेलींना हे कुठलं ठाऊक! "काय गुलाबराव, ना घड ना वाइन, नुसतं फुकटचं पाणी पिता!" एवढंच त्या बोलायच्या. एरवी त्याची कुणी विचारपूस करत नसे.

पान लपवलं तर आपण वाचू, दाखवलं तर रोगट म्हणून छाटले जाऊ, हे गुलाबाला कळत होतं. तरी बाई येताच त्याने तेच पान पुढे केलं.

"अगं बाई! धावा, गंधकाची पूड आणा!" ती ओरडली. वेलींवर गंधक पडलं, त्यांना रोग लागला नाही, आणि गुलाब बुंध्यापर्यंत छाटला गेला.

घड काळेभोर पिकले, तेव्हा आपण कुणामुळे वाचलो हे उमगून पहिली वेल हळूच म्हणाली, "गुलाबदादा, आहेस का रे?"

"आहे गं. पण मला अजून पानं फुटली नाहीत, रोग आला तर आधी माझ्यावर दिसायचा नाही. तुझ्या शेजारणीला सांग, तिने तिच्या शेजारणीला सांगावं, आपापली पानं रोज बघत जा."