मेण लावलेली बरणी

“...पण बुवा, ‘रिसील’ या शब्दाचा अर्थ ठाऊक आहे का तुम्हाला?”

“नाही बुवा! सांगा की!” हरखूबुवा सरसावून बसले. त्यांना कशाचंही भारी अप्रूप, म्हणून तर गावानं हे नाव ठेवलेलं.

मोरेश्वर साठे इंग्रजीचे प्राध्यापक. लगेच खुलले.

“‘सील’ मूळचा लॅटिन. अर्थ, बारीकशी खूण. मेणावर उमटवायची. ‘री’ म्हणजे पुन्हा. उघडलेलं पुन्हा बंद करणं म्हणजे रिसील. मला माझ्या दाराचं तेच करायचंय.”

“म्हणजे मधे उघडलं होतं तर?”

“हो... नातू झाला तेव्हा.”

बाहेर मठाच्या पडवीत त्यांची मुलगी मुग्धा बसली होती. तिनं न विचारता लग्न केलं, तेव्हा सरांनी तिला दार बंद केलं. नातवासाठी उघडलं. परवा जेवताना शब्दानं शब्द वाढला आणि पुन्हा लावलं. ती मागोमाग इथवर आली, पण आत यायचा धीर होत नव्हता.

“या खेपेला कायमचं बंद,” सर म्हणाले. “तसा आशीर्वाद द्या.”

बुवांनी स्वयंपाकघराकडे बोट केलं.

“आधी काम.” या मठात काही मागायचं तर आधी स्वयंपाकघरात हातभार लावायचा, अशी रीतच होती. “काल कैरीचं लोणचं घातलंय. बरणीचं तोंड तेवढं बंद करून या.”

सर नेटाचे. झाकण घट्ट बसवलं, मेणबत्ती पेटवली आणि कडेनं गोल मेण ओतलं. बरणी आणून बुवांपुढे ठेवली.

“घ्या! आता मुंगीसुद्धा शिरायची नाही.”

बुवा असे हसले, असे हसले, की उपरणं डोळ्यांना लावावं लागलं.

“अहो सर, कच्चं आहे ते! मुरेपर्यंत रोज उघडून खालीवर करावं लागतं. नाही तर बुरशी धरेल!”

सर ओशाळले. जन्मभर लोणचं त्यांनी फक्त ताटातच पाहिलेलं.

“अगं मुग्धा!” बुवांनी हाक दिली. “ये बाई, तुझ्या वडलांनी लोणचं कोंडलंय!”

ती आली. बरणी बघून खुदकन हसली. “बाबा, काय हे!”

मग दोघं बसली मेण खरवडायला. सर सुरीनं, ती नखांनी. झाकण निघालं, मोहरीचा झणका नाकात शिरला आणि दोघंही एकदमच शिंकली. सरांनी तिचा तेलकट हात धरला तो सोडलाच नाही.

जरा वेळानं हळूच म्हणाले, “पण बुवा, ही पुन्हा भांडणार हो. स्वभावच आहे तिचा.”

“तुमचाच घेतलाय,” मुग्धा म्हणाली.

बुवांनी झाकणाला लागलेला खार बोटानं चाटला...

“भांडणारच की. म्हणून तर म्हणतो, तिला रोज येऊ द्या.”