पाणसरड्यांची वर आलेली तोंडं

पुष्कळ जुनी गोष्ट. किती जुनी ते विचारू नका, तेव्हा वर्षं मोजायला कोणी बसलेलं नव्हतं.

एका राणीला डोंगराकडच्या राजाने पाच पाणसरडे भेट दिले. अंगाची ठेवण सरड्याची, कातडी बेडकासारखी ओली, पोट शेंदरी. राजवाड्यामागच्या दगडी हौदात त्यांना सोडलं आणि सांभाळायला धुरपदा नावाची म्हातारी ठेवली. तिला कोणी काही शिकवलं नव्हतं. चार दिवस ती नुसती काठावर बसून बघत राहिली आणि कळायचं ते तिला कळलं. एक दिवसाआड, प्रत्येकी दोन गांडुळं. बस्स.

पण पाणसरड्यांना एक खोड होती. काठावर सावली पडली की पाचही जण तोंडं वर काढून आ वासत. नुकतेच जेवलेले असले तरी.

राणी रोज यायची. "बघ गं धुरपदा, मला ओळखतात. उपाशी दिसतात बिचारे."

"तुम्हाला नाही ओळखत, राणीसाहेब. सावलीला ओळखतात. कालच जेवलेत."

राणी हिरमुसून परत जायची. मग राजा यायचा, मग प्रधान, मग स्वयंपाकीण वाटीत खिमा घेऊन. सगळ्यांना तेच सांगायचं, पुन्हा पहिल्यापासून. प्रधान म्हणाला, म्हातारी स्वतः दोन वेळा जेवते आणि मुक्या जिवांना उपास घडवते. स्वयंपाकिणीने तर तिला तोंडावर कैदाशीण म्हटलं.

"कैदाशीण तर कैदाशीण. वाटी उचल."

असं तीन वर्षं चाललं. पाणसरडे तुकतुकीत राहिले. म्हातारी मात्र खंगली. गांडुळं उकरून तिची कंबर मोडली नाही. नको, नको म्हणून म्हणून ती आतून मोडून गेली.

एके दुपारी राणीच्या माहेरची माणसं आली. सगळी हौदाभोवती, प्रत्येकाच्या मुठीत काहीतरी. धुरपदाने पहिल्याला अडवलं, दुसऱ्याला अडवलं. सातवी राणीची आई. धुरपदाने तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. ती भिंतीला टेकून खाली बसली.

"घाला," ती म्हणाली. "घाला काय घालायचं ते."

पाणसरडे खात गेले. पोटं टम्म झाली तरी तोंडं वरच. उरलेलं तळाशी जाऊन सडलं. धुरपदाने दोन दिवस पाणी उपसलं, पण फुगलेली पोटं काही उतरेनात. तिसऱ्या सकाळी चार पाणसरडे शेंदरी पोटं वर करून तरंगत होते.

राणी रडत म्हणाली, "तू अडवलं का नाहीस?"

"तीन वर्षं अडवलं, राणीसाहेब. एक दुपार थकले."

राणी तिथेच, म्हातारीशेजारी, ओल्या दगडावर बसली. तिची सावली पाण्यावर पडली तशी उरलेल्या एकट्या पाणसरड्याने तोंड वर काढलं. राणीचा हात सवयीने पुढे झाला. मग तिने तो पदराखाली घेतला.

"नाही रे," ती म्हणाली.

धुरपदा डोळे मिटून ऐकत होती. दुसऱ्या दिवसापासून दुपारचा पहारा राणीने धरला.

मुलांनो, आणि मुलांच्या आयांनो, ध्यानात ठेवा: ज्याच्यावर जीव आहे त्याला नाही म्हणायचं काम एकट्याच्या गळ्यात टाकलं, की एक दिवस तो थकतो आणि किंमत त्या जिवालाच मोजावी लागते.